रहिमान मिस्त्रीची हळदी कॉन्टेसा

आधीच सांगून मोकळा होतो. रहिमान शिकलगारची ती गाडी मला आवडत नाही. काल आवडत नव्हती, आज आवडत नाही, आणि उद्या तिच्यातून माझी मिरवणूक काढली तरी आवडणार नाही. पण तिच्याबद्दल दुसरा कुणी वाकडं बोलला तर मी त्याच्या अंगावर जातो. तिला नावं ठेवायचा हक्क माझा आहे. त्या गाडीवरून मी रहिमानशी जेवढा भांडलोय तेवढी त्याची बायकोसुद्धा भांडली नसेल.

मी लालासाहेब. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, आता उंब्रजला घरीच असतो. माझ्याकडे चौऱ्याहत्तर सालची राजदूत आहे. तिला एकही नट मी बाहेरचा लावलेला नाही. आरसा फुटला तेव्हा तस्साच मिळेपर्यंत दोन वर्षं बिनआरशाची चालवली. माझं मत साधं आहे. ज्यानं वस्तू घडवली त्याला अक्कल होती, आपण मध्ये आपलं शहाणपण पाजळू नये. रहिमानचं मत याच्या बरोब्बर उलटं. तरीही सकाळी दहाचा चहा आम्ही त्याच्या शेडमध्ये बसून घेतो, गेली वीस वर्षं.

रहिमानचे वाडवडील तलवारींना धार लावायचे. तलवारी गेल्या, मग विळे-कोयते आले. रहिमानच्या अब्बांनी हायवेला गाड्या वाढल्या तशी पत्र्याची कामं धरली आणि सर्व्हिस रोडला शेड टाकली. रहिमान सातवीतून शाळा सोडून त्या शेडमध्ये आला तो आजतागायत तिथंच आहे. आता पंचावन्नचा झालाय. उजवा कान जवळजवळ गेला आहे, पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीनं खाल्ला. बोलताना डावा कान पुढं करतो, आणि नको असलेलं बोलणं असेल तर उजवा.

त्याचं काम दिसत नाही, हीच त्याच्या कामाची खरी गंमत. ठोकर लागलेली गाडी येते. रहिमान आतून लोखंडी ठोकळा धरतो, बाहेरून हातोडी मारतो, मग तळव्याखाली मलमलचं फडकं घेऊन डोळे मिटून पत्र्यावरनं हात फिरवतो. फडकं अडलं की तिथं पुन्हा दोन टोले. पुट्टी भरून खड्डे बुजवणं त्याला शिवी दिल्यासारखं लागतं. "पुट्टी म्हंजे लबाडी," म्हणतो. "पत्र्याचं दुखनं पत्र्यानंच बरं व्हायला पायजे." काम संपलं की गाडीला काही झालं होतं असं तिच्या मालकालाही खरं वाटत नाही. एकदा कराडच्या एका डॉक्टरांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि म्हणाले, "मिस्त्री, पण तुम्ही केलं काय? काहीच तर दिसत नाही." आम्ही सगळे हसलो. रहिमान हसला नाही.

त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर तो मला म्हणाला, "लालाभाऊ, चाळीस वर्सं झाली. किती गाड्या सरळ क्येल्या म्हायती न्हाई. एकीवर बी माझा हात दिसत न्हाई."

"तेच तर तुझं कसब," मी म्हणालो.

"कसब खरं. पर मेल्यावर दावायचं काय? काय बी झालं न्हाई, ह्ये दावायचं?"

मी ते हसण्यावारी नेलं. न्यायला नको होतं.

ती कॉन्टेसा शेडमध्ये आली त्याला दहा वर्षं झाली. विट्याकडच्या एका गावची गाडी. मालक तात्याबा, जुना गलाईवाला. त्या भागातली माणसं देशभर जाऊन सोनं गाळायची दुकानं टाकतात, तसं त्यांचं दुकान कोइमतूरला होतं. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी पुण्याहून ही कॉन्टेसा नवीकोरी घेतली. दुधासारखी पांढरी, लांबलचक, सोफ्यासारख्या बैठकी. त्या काळात ती रस्त्यानं गेली की माणसं हातातला घास तसाच ठेवून बघायची. पुण्याला येता-जाता तात्याबा उंब्रजला थांबायचे, रहिमानच्या शेडमध्ये चहा घ्यायचे. मीही त्यांना दोन-चारदा पाहिलं होतं. ते वारल्यावर गाडी गावाकडं गोठ्यात उभी राहिली, कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली. पुढं थोरल्या मुलानं, हंबीररावानं, तिथं बंगला बांधायला काढला आणि गोठा पाडायची वेळ आली. भंगारवाल्याला बोलावलं होतं. रहिमानला कुणाकडून तरी कळलं आणि तो टेम्पो घेऊन तडक गेला.

"न्या," हंबीरराव म्हणाला. "जागा मोकळी झाली म्हंजे झालं."

आणि रहिमाननं आणली. कागद नावावर करून घे म्हणून मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. "करू की," म्हणायचा. दिलेल्या शब्दावर कागद मागायचा म्हणजे समोरच्याचा अपमान, असली त्याची समजूत. चांगल्या माणसांना असतात असली खुळं.

सहा वर्षं गाडी शेडच्या मागं ताडपत्रीखाली पडून होती. मग ते कोरोनाचं, कुलूपबंदीचं वर्ष आलं. हायवे ओस पडला, ठोकरच लागत नव्हती तर दुरुस्ती कुठून येणार? एका सकाळी मी तोंडाला फडकं बांधून मागच्या वाटेनं शेडवर गेलो, तर रहिमान करवत घेऊन कॉन्टेसाचं छप्पर कापत होता.

माझ्या छातीत कळ आली म्हणा ना. "अरे, काय करतोयस!"

"छप्पर चार बोटं खाली घेतूय."

"कशाला?"

"उंच हाय म्हनून."

"कंपनीत शिकलेली माणसं होती रं! त्यांनी विचार करून उंच ठेवलं असंल!"

"त्येंनी त्येंचा इचार क्येला," रहिमान म्हणाला. "आता मी माजा करतूय." आणि त्यानं उजवा कान माझ्याकडं केला.

अकरा दिवस मी त्याच्या शेडची पायरी चढलो नाही. घरी मला चहा गोड लागेना. बाराव्या दिवशी गेलो, तेव्हा छप्पर खाली बसलं होतं आणि मागची दोन दारं गायब झाली होती. चाराची दोन दारं केली होती, आणि तीही वीतभर लांबवलेली. पुढची चार वर्षं हेच चाललं. गिऱ्हाइकांची कामं उरकली की हा गाडीला लागायचा. चाकांवरचे पत्रे त्यानं लाकडी मोगरीनं असे फुगवले की गाडी दंड थोपटून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. बॉनेटवर मधोमध उंचवटा काढला. नाक पुढं ओढलं. अपघातात गेलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आणून आत बसवलं. ते सुरू केलं की आमच्या कपातल्या चहाला लाटा यायच्या.

आणि शेवटी रंग. सांगलीच्या बाजारातून त्यानं हळकुंड आणलं, मधोमध मोडलं, आणि रंगवाल्याच्या टेबलावर ठेवून सांगितलं, "ह्यो आतला रंग पायजे. वरचा न्हाई, आतला." रंगवाल्यानं सात वेळा मिसळून दाखवला, आठव्या वेळी रहिमान मान हलवून 'व्हय' म्हणाला. गाडी हळदीची झाली. मी म्हणालो, "रहिमान, नवरी दिसतीया रं, हळद लागलेली." तो नुसता हसला.

गावात तर मतांना ऊत आला. पोरं फोन घेऊन फोटो काढायला यायची आणि नाचायचीच बाकी राहायची. चहावाला ज्ञानू म्हणायचा, असली गाडी दुनियेत नाही. त्यानं दुनिया पुण्यापर्यंत पाहिली होती. आमच्या पिढीची माणसं माझ्या बाजूची. एकजण म्हणाला, म्हातारीला पोरीचं झंपर घातल्यासारखं केलंय. रहिमानची बायको दिलशाद हिचं मत सगळ्यांत वेगळं. "घराचं पत्रं दोन वर्सं गळत्यात," ती म्हणायची, "आन ह्यो बाबा गाडीचं छप्पर बसवतूय." बरं, एवढं करून ती रस्त्यावर आणायची सोय नाही. गाडीचा सांगाडा असा बदलायला कायद्यानं मुभा नाही, हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याचं म्हणणं, "मला कुठं जायचंय?" शेडच्या मागं उसाच्या ट्रॉल्या लावायचं मोकळं रान आहे, तिथं शुक्रवारी नमाजानंतर चार फेऱ्या मारायचा आणि परत ताडपत्री टाकायचा.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती. एवढं सगळं बदललं, पण मागची बैठक त्यानं तशीच ठेवली. रेक्झिन चिरलेलं, स्प्रिंगा वर आलेल्या. खालचा पत्राही जुनाच. मी विचारलं, "नव्या नवरीला ही फाटकी चटई कशाला?" तर म्हणाला, "त्येला हात लावायचा न्हाई." मी बैठक उचलून बघायला वाकलो, तर माझं मनगट धरलं त्यानं. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, जाऊ दे, वेडाला औषध नाही.

गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास कुणा पोरानं गाडीची चित्रफीत काढून फोनवर टाकली आणि ती फिरत फिरत कोइमतूरला हंबीररावापर्यंत गेली. तोपर्यंत दिवस पालटले होते. जुन्या कॉन्टेसांना भाव आला होता, हौशी लोकांचे संघ निघाले होते, प्रदर्शनं भरत होती. हंबीररावाच्या बंगल्यासमोर आता काचेची खोली बांधून तयार होती. तिच्यात काय ठेवायचं, एवढंच ठरायचं होतं. गोठ्यातलं भंगार एका रात्रीत बापाची, त्याच्या आबांची, आठवण झालं.

तो आला तो एकटा नाही. बरोबर पुण्याचा एक जाणकार होता, डोक्याला टोपी, हातात बॅटरी, जुन्या गाड्यांना प्रमाणपत्रं देणारा. जाणकारानं गाडीभोवती फेरी मारली आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला.

"हा खून आहे," तो म्हणाला. "मूळ अवस्थेतल्या किती राहिल्यात, तुम्हाला कल्पना आहे का?"

मनातून मला ते पटत होतं. पण त्याचं बोट रहिमानकडं होतं, आणि ते मला सोसेना. "पावणं," मी म्हणालो, "दहा वर्षांपूर्वी हिच्यात कोंबड्या बसायच्या. तवा कुठं हुता तुमी?"

हंबीररावानं मला बाजूला केलं. "मिस्त्री, झालं ते झालं. तुमी म्हणाल ते देतो. गाडी हुती तशी करून द्या. छप्पर वर, दारं चार, रंग पांढरा. तुमच्या हातात कला हाय, सगळी म्हंत्यात काय झालं हुतं ते दिसत बी न्हाई."

याहून चुकीचं वाक्य तो शोधूनही बोलू शकला नसता. रहिमान उठून उभा राहिला.

"हंबीरराव, चाळीस वर्सं म्या हुतं तसं करून दिलं. ह्या येका गाडीवर हातोडा माज्या मनानं चाललाय. त्यो मागं फिरनार न्हाई."

"आवं, पर बापाची आठवन हाय ती माझ्या!"

"तुमच्या दुकानात म्हातारी येती," रहिमान म्हणाला. "गळ्यात मोहनमाळ. तिच्या सासूनं घातलेली, सासूच्या सासूनं घातलेली. तुमी ती घेता आन मुशीत टाकता. पानी हुतं तिचं. तवा कुनाची आठवन वितळती?"

"त्यो धंदा हाय. आन सोनं ऱ्हातंच की, जात न्हाई कुठं."

"मग हितं काय गेलंय? पत्रा त्योच हाय."

हंबीरराव तापला. घरंदाज माणूस, पण परगावी मालकी करून ऐकून घ्यायची सवय मोडलेली. "मिस्त्री, नीट सांगत हुतो. कागूद अजून आबांच्या नावावर हाय. उद्या तक्रार दिली तर ही चोरीची गाडी ठरंल. ताब्यात घ्यून दुसऱ्याकडनं करून घीन. आठ दिवस देतो."

चोरीची. दिलशाद दारात उभी होती, तिनं हातातली कपबशी खाली ठेवली.

ते आठ दिवस वाईट गेले. दिलशाद म्हणायची, देऊन टाका, पोलीस दारात नकोत, कागद का राहिला ते कुणी विचारणार नाही, चोरच म्हणतील. मीही तेच म्हणत होतो. माझ्या मनात दुसरंही होतं, खोटं कशाला बोलू. गाडी पुन्हा पांढरी, चार दारांची झालेली मला बघायची होती. "मी येतो मदतीला," म्हणालो. "दोघं मिळून करू. तुझा हात त्यातही असंलच की."

"न्हाई, लालाभाऊ."

"अरे, मूळ ते मूळ असतं!"

तेव्हा तो एकदम म्हणाला, "मूळ कुनी बघितलंय?" मी खोदून विचारलं. तो फडकं तळव्यावर गुंडाळत बसला. शेवटी म्हणाला, "येक गोष्ट सांगितली तर हंबीररावाचं तोंड बंद हुईल. पर ती माजी न्हाई. मला सांगायची न्हाई."

"आणि गाडी गेली तर?"

"गेली तर गेली. शबुद जाऊन चालनार न्हाई." त्याचे डोळे भरले होते. मला त्याचा संताप आला. गाडी मोडून परत द्यायला तयार नाही, वाचवायची गोष्ट आहे ती सांगायला तयार नाही. असल्या माणसाचं करायचं काय, असं पुटपुटत मी घरी आलो.

नवव्या दिवशी सकाळी हंबीररावाची मोठी गाडी शेडसमोर थांबली. तो उतरला, जाणकार उतरला, आणि दोघांनी धरून एका म्हातारीला उतरवलं. तात्याबांची बायको, धोंडुबाई. पंचाहत्तरीच्या पुढची, कपाळाला भंडाऱ्याचं बोट ओढलेलं, हातात काठी. हंबीररावाचा डाव माझ्या लगेच लक्षात आला. आई गाडी बघून रडेल, आणि म्हातारीच्या आसवांपुढं रहिमान पाघळेल.

रहिमाननं ताडपत्री ओढली. "बघ आई," हंबीरराव म्हणाला. "आबांच्या गाडीची काय दशा केलीया ह्यानं."

धोंडुबाई रडली नाही. काठी टेकत गाडीच्या पुढं आली आणि बॉनेटच्या उंचवट्यावर हात ठेवून उभी राहिली.

"रंग कसला म्हनायचा ह्यो?"

"हळदीचा, काकी," रहिमान म्हणाला. "सांगलीच्या."

"सांगलीच्या?" तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. रहिमाननं खाली बघितलं. "बरं," ती म्हणाली.

जाणकाराला गप्प राहवेना. तो आजींना समजावू लागला की ही गाडी कशी होती, काय काय गेलं. बोलता बोलता दार उघडून आत शिरला आणि रहिमान "आवं, थांबा" म्हणेपर्यंत मागच्या बैठकीची कड उचलून बॅटरी मारली. "एवढा खालचा पत्रा तेवढा मूळचा राहिलाय," आतून त्याचा आवाज आला. "शुद्ध फॅक्टरीचं काम. हा जोड बघा हंबीरराव, किती सफाईदार! हे हातानं होत नाही, मशीनचंच काम आहे. आता असं कोण करतं?"

म्हातारीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडाला पदर लावून ती एवढी हसली की हंबीररावानं तिचा दंड धरला.

"रहिमान," ती म्हणाली, "शीट काढ बाहीर."

"काकी, न्हाई. शपथेचा भंडारा उचललाय म्या."

"कुनापुडं उचललास? माज्या मालकापुडं आन माज्यापुडं. त्ये गेलं. मी सोडवती तुला. काढ."

रहिमाननं डाव्या कानानं ऐकलं. मग जाणकाराला बाहेर काढून त्यानं बैठक उचलून रानात ठेवली. खालच्या पत्र्याची एक कड अंगठ्यानं दाबली, दुसरीकडून सरकवली. पत्रा सरकला. खाली हातभर लांबीचा डबा होता, रिकामा, आणि आतून हिरवं कापड चिकटवलेलं.

"माजं इरकल लुगडं," धोंडुबाई म्हणाली. "धडूतं फाडून दिलं हुतं. डबा वाजाय नगं म्हनून."

हंबीरराव बघतच राहिला. लहानपणी कोइमतूर ते विटा तो याच बैठकीवर झोपून यायचा.

"तुझ्या बानं पुन्यात गाडी घितली," म्हातारी त्याला सांगू लागली. "जेजुरीला नेली, भंडारा उधळला. हितं बॉनेटावर पिवळा थर हुता. तितनं साताऱ्यावरनं ह्या शेडला आलो. विट्यात क्येलं असतं तर गावभर झालं असतं, म्हनून हितं. टाकी उतरवली आन कोरी गाडी कापली. ह्या रहिमानच्या बानं हतयार ह्येच्या हातात दिलं. मिसरूड फुटलं नव्हतं धड. काम झाल्यावर आमचं ह्ये म्हनालं, पोरा, भंडारा उचल, कुनाला सांगायचं न्हाई. ह्यो बापाकडं बघाय लागला. बाप म्हनला, उचल, शबुद तर आपलाच हाय. तवा त्या बॉनेटावरनं चिमूट उचलली ह्येनं."

तिनं दम घेतला.

"तुझ्या बापाचं सोनं बारा वर्सं ह्या डब्यातनं गेलं. तुला ठावं नव्हतं, भावकीला ठावं नव्हतं. ह्या पोरानं येक शबुद काढला असता तर वाटंत कापलं असतं आमाला कुनीबी. आन तू त्येला चोर म्हनलास व्हय रं?"

"आई, मला काय म्हायती..."

"तुला काय म्हायती, त्ये बघतीयाच मी. मूळची पायजे म्हनं! गाडीला घर दिसायच्या आदी तुझ्याच बानं कापलीया ती. आन तुझं पोट भरनारी गाडी गोठ्यात कुजत हुती तवा आठवन कुठं गेलती? गाडी तुझ्या बाची. त्येच्यामागं माजी. मी रहिमानला दिली. कागूद काय लागतोय त्यो आन, सई करती."

हंबीरराव वाईट माणूस नाही. त्यानं वाकून त्या डब्यात हात घातला आणि हिरव्या कापडावरनं बोटं फिरवली. सह्या त्याच आठवड्यात झाल्या, आणि कागद आणायला तो स्वतःच आला होता.

त्या हळदीचा मला तेव्हा उलगडा झाला. नवरी दिसतीया म्हणून मी चार महिने थट्टा केली होती, त्याची मला लाज वाटली. रंग तरीही मला आवडलेला नाही, हे इथंच सांगून ठेवतो.

त्या सकाळी जाणकार मात्र अजून डब्याशीच बसला होता. बॅटरी जोडावरनं फिरवत होता, पुन्हा पुन्हा, आणि त्याला काही केल्या पटत नव्हतं. "पण हे वेल्डिंग..." तो म्हणाला. "आजी, तुमची काहीतरी गल्लत होतेय. हे फॅक्टरीचंच आहे."

"माजं हाय!"

रहिमान केवढ्यानं ओरडला. रस्त्यापलीकडचा ज्ञानू किटली घेऊन बाहेर आला. दिलशाद दारातनं धावत आली. छत्तीस वर्षं त्या माणसानं ते तोंडात धरून ठेवलं होतं, आणि आता सोडवणारी समोर काठी टेकून उभी होती.

"फॅक्टरीचं न्हाई," तो म्हणाला. दोन्ही हात पुढं धरले होते. "एकोनीस वर्साचा हुतो. गॅसवर क्येलंय, हितंच, ह्याच शेडमंदी. ती वेल्डिंग माजी हाय."

जाणकारानं टोपी काढली आणि त्याच्या हातांकडं बघितलं. मीही बघितलं, वीस वर्षांत पहिल्यांदा नीट. मग धोंडुबाई म्हणाली की तिला पुढं बसायचंय, जन्मभर ती सोन्यावर मागंच बसून आली, आणि रहिमाननं तिच्यासाठी ते वीतभर लांबवलेलं दार उघडलं.